पोर्ट गॅम्बलच्या टेकडीवरची आकडेमोड

८ मार्च २०२५, शनिवार

सहा वर्षं दुसऱ्यांनी लपवलेले डबे शोधले. आता एक आपला लपवायचा, असं आज जेवताना जाहीर केलं. बायको म्हणाली, "गॅरेजमधले तीन आधी शोध." खरं आहे. हवाबंद डबे तीन वर्षांपूर्वीच आणून ठेवलेत. म्हणून ही वही. तारखा टाकत गेलं की लाजेखातर तरी काम पुढे सरकतं.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी एकदाच सांगून टाकतो. २ मे २००० ला अमेरिकी सरकारने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर या गृहस्थांनी ओरेगनमध्ये बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकून दिले. बादलीत बीन्सचा एक डबाही होता. त्यातून जिओकॅशिंग निघालं. लपवलेल्या डब्याला म्हणायचं 'कॅश', आत सही करायला कागद. हा खेळ चालवणाऱ्या कंपनीचं मुख्यालय आमच्या सिअ‍ॅटलच्या फ्रीमाँट भागात आहे, त्यामुळे इथे दर दोन झाडांमागे एक डबा.

मला 'मल्टी' करायची आहे. म्हणजे पहिल्या जागी जायचं, तिथले आकडे वाचायचे, ते सूत्रात घालायचे, आणि मग खऱ्या डब्याचा पत्ता मिळतो. जागा ठरली आहे: पोर्ट गॅम्बल. गावाची जुनी दफनभूमी. दगडांवर वर्षं कोरलेली असतात, आकड्यांना तोटा नाही.

(नाव ऐकून ऑफिसातला मित्र म्हणाला, कॅसिनो आहे का तिथे? नाही. १८४१ च्या विल्क्स मोहिमेने तिथल्या खाडीला गॅम्बल आडनावाच्या नौदल अधिकाऱ्याचं नाव दिलं. जुगाराचा संबंध नाही.)

२२ मार्च, शनिवार

पहिली पाहणी. एडमंड्सहून सकाळची फेरी बोट, अर्ध्या तासात किंग्स्टन, तिथून गाडीने पंधरा मिनिटं. पाऊस नव्हता, फक्त हवाच ओली. मुलगी बरोबर.

गाव बघून पहिल्यांदा वाटतं, चुकून पूर्व किनाऱ्यावर आलो. पांढरी लाकडी घरं, टोकदार छपरं, हिरवळीच्या कडेला कुंपणं. कारण साधं आहे. १८५३ मध्ये इथे वाफेवरची सॉ मिल, म्हणजे लाकूड कापायची गिरणी, टाकणारे अँड्र्यू पोप आणि विल्यम टॅल्बट मेन राज्यातल्या ईस्ट माचायस गावचे. सॅन फ्रान्सिस्कोत सोन्याच्या मागे लोटलेल्या गर्दीला घरं हवी होती, घरांना लाकूड हवं होतं, आणि इथे डग्लस फरची झाडं पाण्याच्या काठापर्यंत आलेली. मालकांनी कामगार गावाकडूनच आणले आणि गावही तसंच बांधलं. इथलं सेंट पॉल चर्च ईस्ट माचायसच्या चर्चवर बेतलेलं आहे. आम्ही सिअ‍ॅटलशेजारच्या बेलव्ह्यूत भाड्याच्या हॉलमध्ये गणपती बसवतो. यांच्याकडे लाकूड फुकट होतं, त्यांनी अख्खं चर्चच बसवलं.

सगळं कंपनीचं: घरं, दुकान, धक्का. गिरणी १९९५ मध्ये बंद झाली तोवर १४२ वर्षं चालली होती. गिरणीच्या जागी आता मोकळा सपाट तुकडा आहे आणि त्यावर वारा. मुलीने विचारलं, "गिरणी कुठाय?" मी तो तुकडा दाखवला. ती म्हणाली, "तिथे तर काहीच नाहीये." बरोबर.

दफनभूमी गावाच्या कडेला टेकडीवर. नाव ब्वेना व्हिस्ता, स्पॅनिशमध्ये सुंदर देखावा. देखावा आहेच: समोर हूड कनालचं पाणी, पलीकडे ढग नसतील तर ऑलिंपिकचे डोंगर. आज ढग होते. जागा लहान, दहा मिनिटांत फेरी होते. पण वाचत गेलो तर दोन तास गेले आणि निम्मंही झालं नाही.

टिपण: संगमरवराचे दगड सर्वांत वाईट वाचतात. दीडशे वर्षांच्या पावसाने वरचा थर पिठीसाखरेसारखा झालाय, बोट लावलं तर दाणे सुटतात. बोट लावायचं नाही, हे मुलीला सांगितलं आणि मग मीच लावलं. ग्रॅनाइट छान, कालच कोरल्यासारखा. दोन्हींवर शेवाळ आणि दगडफूल. आई मसाल्यासाठी सांगलीहून आणते त्याचीच ही भावंडं.

१३ एप्रिल, रविवार

टेबलावरचं काम. इथले अक्षांश 47 अंश 51 मिनिटं आणि पुढे तीन दशांश. रेखांश पश्चिम 122 अंश 35 मिनिटं आणि पुढे तीन. म्हणजे दोन्हींकडचे तीन-तीन आकडे दगडांवरून काढायचे. एकूण सहा दगड.

हिशेब करून ठेवतो, नंतर उपयोगी पडेल. अक्षांशात मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे १.८५ मीटर. रेखांशात, आपण इतके उत्तरेला असल्यामुळे, तोच भाग फक्त १.२५ मीटर. फोनचं जीपीएस मोकळ्यावर तीन ते पाच मीटर इकडेतिकडे करतं, झाडाखाली दहा. म्हणून डब्याची जागा तीन वेगवेगळ्या दिवशी मोजून सरासरी घ्यायची.

स्वतःसाठी नियम:

डबा दफनभूमीत ठेवायचा नाही. आत फक्त वाचायचं. लोकांनी थडग्यांमागे हात घालून उचकपाचक केलेली मी पाहिली आहे.

खडू, शेव्हिंग क्रीम, तारेचा ब्रश, काही वापरावं लागणार नाही असेच दगड निवडायचे. क्रीमने अक्षरं उठून दिसतात हे खरं, पण ते दगडात मुरतं.

तिसरा नियम आज मुलीने घातला. मी निवडलेल्या सहांपैकी एक दगड लहान मुलाचा होता. आकडे एकदम स्वच्छ, ग्रॅनाइटचा, वर झोपलेलं कोकरू. मी लिहिलं होतं: "डी म्हणजे वयाचे महिने." तिने कागद बघितला आणि म्हणाली, "बाबा, हे क्रीपी आहे." मी म्हटलं, अगं नुसता आकडा आहे. ती म्हणाली, "मग दुसरा घे ना."

दुसरा घेतला. लहान मुलांचे दगड सूत्रात नाहीत.

४ मे, रविवार

आई येऊन आठवडा झाला. झोपेचं गणित अजून जमलेलं नाही, पहाटे तीनला उठून ओटा पुसत असते. आज तिला प्रकल्प सांगितला.

"कॅश शोधायची? म्हणजे पैसे?"

"नाही गं, डबा. आत कागद असतो, त्यावर सही करायची."

"आणि परत ठेवायचा?"

"हो."

थोडा वेळ गप्प. मग, "आणि ह्यासाठी तू बोटीनं जातोस."

दफनभूमीचं सांगताना मी जरा बिचकत होतो. ऑफिसातल्या एका मित्राची आई तर घरी आल्यावर सगळ्यांना आंघोळीला पाठवते, नुसती बाहेरून गाडी गेली तरी. आपली आई म्हणाली, "आपल्यात पुरतातच की. तुझे आजोबा रुद्रभूमीत बसलेत." मी विसरलोच होतो. लिंगायतांत दफन, तेही बसवून, हातात इष्टलिंग देऊन. मी शहरात वाढलो, आजोबा गेले तेव्हा परीक्षा होती, गेलो नाही.

"हे लोक झोपवतात का?" तिने विचारलं. झोपवतात, बहुतेक पाय पूर्वेकडे. "मग जागा जास्त लागत असणार," एवढाच शेरा. मला बरोबर ने म्हणाली.

२६ मे, सोमवार

मेमोरियल डे, लढाईत मेलेल्या सैनिकांच्या आठवणीचा दिवस. सुट्टी, त्यामुळे एडमंड्सला बोटीसाठी रांग. आईने रांगेतच डबा उघडला: दशमी, शेंगदाण्याची चटणी.

टेकडीवर सैनिकांच्या थडग्यांपाशी लहान झेंडे लावलेले होते. त्यातला एक गुस्ताव एंगलब्रेक्टचा. माझ्या मल्टीची सुरुवातच या दगडापासून आहे, म्हणून त्याचं सविस्तर.

नोव्हेंबर १८५६. उत्तरेकडून, आजच्या आग्नेय अलास्काच्या किनाऱ्यावरून, मुख्यतः ट्लिंगिट या आदिवासी लोकांच्या मोठ्या होड्या इथे आल्या होत्या. शंभरावर माणसं. त्यांना हुसकायला अमेरिकी नौदलाची 'मॅसॅच्युसेट्स' ही युद्धनौका आली. निघून जा म्हणाले, ते गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी तोफा चालल्या. एंगलब्रेक्ट त्या नौकेवरचा कॉक्सन, म्हणजे होडीचा सुकाणू धरणारा. तो मेला. पॅसिफिकमध्ये लढताना मेलेला अमेरिकी नौदलाचा तो पहिला माणूस मानतात. आडनावाचं स्पेलिंग ठिकठिकाणी वेगळं आहे, त्यामुळे नावातल्या अक्षरांवर कोडं रचायचं नाही (मी रचलं होतं, खोडलं).

मी हे सगळं आईला मराठीतून सांगत होतो. ती म्हणाली, "म्हणजे वीरगळ."

"साधारण."

"पण चित्र नाही काही."

मिरजेच्या आजूबाजूला कुठल्याही जुन्या देवळामागे वीरगळ टेकवून ठेवलेले असतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतायत, सर्वांत वर तो शिवलिंगापुढे बसलेला, आणि कडेला चंद्र-सूर्य. कोण होता ते बहुधा लिहिलेलं नसतं, कसा मेला तेवढं मात्र दिसतं. इथे उलटं. नाव आहे, वर्ष आहे. समोर कोण होतं, काय झालं, ते दगडावरून कळत नाही.

पुढे आई स्वतःच वाचत निघाली. तिला इंग्रजी अक्षरं लागतात, एकेक करून. तीन-चार दगडांनंतर हाक मारली. "अरे, हे सगळे एकाच गावचे आहेत काय?" बोट दाखवलं (लावलं नाही, माझ्यापेक्षा शहाणी). एम, ए, आय, एन, ई. मेन. जन्मगाव कोरलेलं. मी इतके वेळा आलो आणि फक्त वर्षं बघत होतो, कारण मला वर्षं हवी होती. आई गावं बघत होती. आमच्याकडे ओळख झाली की पहिला प्रश्न तोच ना, 'गाव कुठलं?'

"इतक्या लांब येऊन मेले," ती म्हणाली, "पण गाव लिहून घेतलं."

लाकडाच्या धंद्याचं तिला नीट समजलं, समजावून सांगावं लागलं नाही. "वखार होती म्हण की." वखारच, पण स्वतःची जहाजं असलेली. इथलं लाकूड हवाई, ऑस्ट्रेलिया, चीनपर्यंत जायचं.

१४ जून, शनिवार

डब्याच्या जागेला नकार आला. सात आठवड्यांनी, दोन ओळींत. जमीन ज्यांची त्यांचं नाव इथे लिहीत नाही. नकाराबद्दल तक्रार नाही, त्यांची जमीन. पण सात आठवडे!

परवानगीशिवाय ठेवायचा नाही. 'कोण बघतंय' म्हणून ठेवणारे पुष्कळ आहेत आणि मग एक दिवस सगळ्यांनाच बंदी होते.

२१ जून, शनिवार

पर्याय मिळाला. रस्त्याला लागून एका बाईंची खासगी जागा, कोपऱ्यात जुनं सीडरचं खोड. त्यांना खेळ माहीत होता, नातू खेळतो म्हणे. लेखी परवानगी फोनवर मेसेजने, स्क्रीनशॉट काढून ठेवला. अट एकच: अंधार पडल्यावर कोणी यायचं नाही. दफनभूमीलाही तेच लागू, त्यामुळे सोपं झालं.

खोड बघण्यासारखं आहे. जमिनीपासून पुरुषभर उंचीवर दोन्ही बाजूंना खाचा. लाकूडतोडे त्यात फळी खोचून वर उभे राहायचे आणि तिथून करवत चालवायचे, कारण बुंध्याची खालची बाजू फुगीर आणि राळेने भरलेली, करवत अडकते. खाचेत माझा हात मनगटापर्यंत गेला. आत ओलसर, भुसा, आणि एक कोळी. डबा खोडाच्या मागच्या पोकळीत मावतो. खणायचं नाही, नियमच आहे (पहिल्या बादलीचा काही भाग मातीत होता, पण ते नियमांच्या आधीचं).

६ जुलै, रविवार

चाचणी. ऑफिसातल्या पुणेकर मित्राला कोडं दिलं आणि मी गावात दुकानासमोर आइसक्रीम खात बसलो. पंचेचाळीस मिनिटांनी फोन.

"तुझा डबा काटेरी जाळीत आहे का?"

"नाही."

"मग मी का आहे?"

तो खोडापासून ३७ मीटर उत्तरेला ब्लॅकबेरीत उभा होता. इथे तिला 'हिमालयन' ब्लॅकबेरी म्हणतात. हिमालयाशी तिचा काही संबंध नाही. झाड मूळचं आर्मेनिया-इराणकडचं. ल्यूथर बरबँक यांनी १८८५ मध्ये भारतातून आलेलं बी समजून ते वाढवलं आणि नाव दिलं. आज सगळा किनारा तिने व्यापलाय आणि बिल आपल्या नावावर. मित्राच्या हातावर ओरखडे, पँट फाटलेली. जेवणाचं बिल मी दिलं.

३७ मीटर म्हणजे काय ते एप्रिलच्या हिशेबावरून लगेच कळलं: अक्षांशाच्या मधल्या दशांशात दोनाचा फरक. मी दगडावर शेवटचा आकडा ६ वाचला होता. त्याने ८ वाचला. दोघेही ठाम.

१९ जुलै, शनिवार

तो दगड पुन्हा. संगमरवर, उत्तरेकडे तोंड, त्यामुळे समोरून ऊन कधीच येत नाही. अक्षराचा खड्डा आणि बाहेरचा दगड एकाच राखाडी रंगाचे. फोटो काढून मोठा केला, उजेड वाढवला, काही नाही. टॉर्च समोरून मारली तर जे होतं तेही गेलं.

उजेड बाजूने, जवळजवळ दगडाला घासून जायला हवा, म्हणजे खड्ड्यात सावली पडते. लोक त्यासाठी आरसा आणतात. मी आरसा गाडीत विसरलो... खरं तर घरी विसरलो.

आईने पिशवीतून डब्याचं झाकण काढलं. स्टीलचं, तिने मिरजेहून आणलेलं, आतून घासून घासून आरशासारखं. ती चार पावलं बाजूला उन्हात जाऊन उभी राहिली आणि झाकण तिरकं धरलं. उजेडाचा गोळा आधी माझ्या डोळ्यात, मग गवतावर, मग दगडाच्या कडेवर. "थांब, हलू नको," ती मला म्हणाली, हलत तीच होती.

मग दिसलं. आधी वरच्या ओळीतलं नाव, एकदम, कुणीतरी आतून दिवा लावल्यासारखं. त्याखाली कंपास आणि गुण्याचं फ्रीमेसन या बंधुसंघाचं चिन्ह, जे मला तीन फेऱ्यांत एकदाही दिसलं नव्हतं. आणि खाली वर्ष. शेवटचा आकडा ८. वरचं वेटोळं दगडफुलाखाली गेलं होतं, पण त्याची उजवी कड उजेडात उभी राहिली. सहाच्या शेपटीला उजवी कड नसते.

मित्र बरोबर होता. त्याला फोन केला, त्याने फक्त "पँट" एवढंच म्हटलं.

निर्णय: हा दगड सूत्रातून बाद. घरून स्टीलचं झाकण आणा, अशी अट लोकांना घालता येणार नाही. त्याच्या जागी शेजारचा ग्रॅनाइट. पण कोड्यासोबत इंटरनेटवर टाकायच्या मजकुरात या दगडाचा उल्लेख ठेवतो, ज्याला हौस असेल त्याने वाचावा.

९ ऑगस्ट, शनिवार

मजकूर लिहायला घेतला आणि अडकलो. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, 'इंडियन हल्ल्यात शहीद झालेला खलाशी.' जुन्या पुस्तकांतलं वाक्य, विचार न करता उचललेलं. आईला वाचून दाखवलं तर तिने विचारलं, "आणि त्यांचे किती गेले?"

पंचविसाहून जास्त. त्यांत एक सरदार. होड्याही फोडल्या. त्यांचा या टेकडीवर दगड नाही.

आणि ज्यांची ही खाडी मुळात होती ते स्क्लॅलम लोक या चकमकीत कुठल्याच बाजूला नव्हते, उत्तरेकडच्या धाडींचा त्रास त्यांनाही होता. गिरणी आली तेव्हा त्यांचं इथलं गाव उठून पलीकडच्या काठाला, पॉइंट ज्यूलियाला गेलं. मग तेच लोक होडीने खाडी ओलांडून गिरणीत कामाला येत राहिले, पिढ्यान्पिढ्या. त्यांची वस्ती आजही समोर आहे. 

या सगळ्याचा दुसरा भाग व्हिडबी बेटावर आहे म्हणून आज तिकडे गेलो. मुकिल्टिओहून वेगळी बोट. ११ ऑगस्ट १८५७ ला आयझॅक एबी या बेटावरच्या प्रमुख वसाहतवाल्याला उत्तरेकडून आलेल्या लोकांनी घरापाशी मारलं आणि शिर कापून नेलं. पोर्ट गॅम्बलला पडलेल्या सरदाराचा तो बदला होता. सरदाराच्या बदल्यात सरदारच हवा, हा त्यांचा हिशेब. एबी त्या चकमकीत नव्हताच. त्याची कबर कूपव्हिलजवळ सनीसाइड दफनभूमीत आहे, शेतांच्या मधोमध. आई दमली होती, गाडीतच बसून राहिली. मी फोटो काढून आणले.

मसुदा दुसऱ्यांदा लिहिला. 'हल्ला' काढलं, 'चकमक' घातलं. 'शहीद' काढलं. दोन्ही बाजूंचे आकडे घातले. लांबला आहे, बहुतेक लोक वाचणार नाहीत, सरळ सूत्राकडे उडी मारतील. मीही तेच करत आलोय.

२३ ऑगस्ट, शनिवार

तपासायला पाठवलं. तपासणारे स्वयंसेवक असतात, पगार नाही, त्यामुळे घाई करता येत नाही. तिसऱ्या दिवशी प्रश्न आला: परवानगी कुणाची, आणि कुणा दुसऱ्याचा लपवलेला डबा १६१ मीटरच्या आत येतोय. दोन डब्यांत तेवढं अंतर हवंच. खोड सोडायची माझी तयारी नव्हती, पण बाईंच्याच जागेत दुसऱ्या टोकाला तसंच एक खोड निघालं, खाचा थोड्या झिजलेल्या. पुन्हा तीन दिवसांची मोजणी. सूत्रात दोन आकडे बदलले.

३० ऑगस्ट, शनिवार

सकाळी ७:१० ला प्रसिद्ध झाली. ९:४० ला पहिल्या शोधकाची नोंद. कुणी तरी किंग्स्टनचंच असणार. 'पहिली सही'वाल्यांची जमात वेगळीच असते, चहा अर्धा टाकून निघतात. त्याने लिहिलंय: सगळे आकडे चष्म्याशिवाय वाचता आले, धन्यवाद. एवढ्यासाठी मार्चपासून.

दुपारपर्यंत आणखी दोन. एकाने डीएनएफ टाकलं, म्हणजे सापडला नाही. त्याचं उत्तर तपासलं तर त्याने एंगलब्रेक्टच्या ऐवजी शेजारचा दगड घेतलाय. मजकूर वाचला असता तर... असो.

५ ऑक्टोबर, रविवार

देखभाल फेरी. आई गुरुवारी परत जाणार, तिला डबा प्रत्यक्ष बघायचा होता. पाच महिने ऐकतेय.

आधी टेकडीवर गेलो. ढग नव्हते, पहिल्यांदाच ऑलिंपिक पूर्ण दिसला, वर नवीन बर्फ. आईने स्वतःहून झाकण काढलं आणि त्या संगमरवरी दगडापाशी जाऊन उजेड टाकला. वर्ष वाचलंच होतं, या वेळी त्याचं गाव शोधत होती. शेवटच्या ओळीत काहीतरी आहे, पहिलं अक्षर एम असावं. पुढचं नाही लागलं. उन्हं खूप खाली होती.

डबा ठीक आहे, पण आत ओल. दोष माझाच. झाकणाच्या खोबणीत लॉगबुकची प्लास्टिक पिशवी अडकलेली, मीच तशी ठेवली होती, त्यामुळे झाकण नीट बसलंच नव्हतं. कागदाच्या कडा लगदा झाल्यात. एकोणीस सह्या वाचता येतात, दोन-तीन पसरल्या. नवीन वही घातली, जुनी पंख्याखाली वाळवून ठेवणार. पेन्सिल बोथट झाली होती, आईने चावीने टोक काढून दिलं.

नवीन वहीतली पहिली सही आईची. खेळाचं एक टोपणनाव असतं, लोक तेवढंच लिहितात. मी सांगितलंही. तिने खोडावर वही टेकवली आणि सावकाश, देवनागरीत, पूर्ण नाव लिहिलं. खाली मु. पो., त्याखाली ता. मिरज, जि. सांगली. पिनकोडसुद्धा.

पुढची फेरी डिसेंबरात. सिलिका जेलच्या पुड्या आणायच्या, आणि पिशवी जरा लहान.